कुलुपामागचा धूर

१

हिवाळ्यात कामाला जायचं की घरीच बसून काम करायचं, हे आमच्या मोहल्ल्यात मालक ठरवत नाही, सरकार ठरवत नाही, घरोघरच्या बायकासुद्धा ठरवत नाहीत. धूर ठरवतो.

गालिच्यांचा कारखाना तळ्याच्या पलीकडच्या काठावर आणि आम्ही सगळे अलीकडे. चिल्लेकलान लागलं, म्हणजे थंडीचे ते चाळीस हरामखोर दिवस लागले, की सकाळी उठायचं, फेरनच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी धरायची, सुला रोटीवाल्याच्या भट्टीपर्यंत घसरत जायचं आणि तिथून पलीकडे बघायचं. कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघतोय? मग आत बुखारी, म्हणजे पत्र्याची शेगडी, पेटली, चला कामाला. नाही निघत? मग गरम गिरदे, भट्टीच्या गोल रोट्या, घ्या आणि घरच्या छोट्या मागावर जाऊन बसा. फोन आहेत सगळ्यांकडे. माझ्याकडेही आहे, सून चार्ज करते. पण बर्फ पडला की माणसांच्या आधी टॉवर झोपतो. शिवाय फोनवर माणूस खोटं बोलतो. धूर खोटं बोलत नाही, असं आमच्याकडे समजतात.

मी समद. अख्खा मोहल्ला मला समद कोल्हा म्हणतो. मला राग येत नाही, कारण मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांना नावं मीच ठेवलीत. आमचे मालक मीर साहेब म्हणजे फुगा. सुला म्हणजे जळका गिरदा. तुम्ही इथे चार दिवस राहिलात तर तुम्हालाही काहीतरी मिळेल, आणि ते तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल. मी शाळेत चार यत्ता बसलो. बसलो म्हणजे बाकाखाली. पण तालीम मात्र वाचतो. गालिच्याची नक्षी आमच्याकडे चित्रात नसते, बारीक खुणांच्या कागदांवर असते. ते कागद म्हणजे तालीम. मी मोठ्याने वाचायचं, "डाळिंबी दोन, बदामी एक, निळा तीन." बाजूला बसलेल्याने तेवढ्या गाठी मारायच्या आणि ओरडायचं, "बांधलं!" की मी पुढे.

एक्केचाळीस वर्षं माझ्या बाजूला बसून 'बांधलं' म्हणणारा एकच होता. खालिक. त्याला तपकिरीचं व्यसन. त्यामुळे शिंका यायच्या, तीन. दोन लागोपाठ, आणि तिसरी, संपल्या असं समजून आपण पुढचा रंग वाचायला तोंड उघडलं की. म्हणून तो खालिक शिंक्या. गेल्या चिल्लेकलानमध्ये तो तळ्याचा बर्फ फुटून गेला.

कारखान्याला जायला दोन वाटा आहेत. बांधावरून गेलं तर बर्फातून दीड तास. तळं गोठलेलं असताना सरळ त्यावरून गेलं तर पाव तास. खालिक पाव तासाच्या वाटेने निघाला होता, आणि तिसऱ्या दिवशी नावाड्यांनी बर्फ फोडून त्याला काढला.

म्हणून या वर्षी मीर साहेबांनी चाळीस दिवस कारखानाच बंद ठेवला. "कोणी पलीकडे पाऊल टाकायचं नाही. ज्याने त्याने घरी काम करायचं," असं त्यांनी सांगितलं आणि कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली, मी वयाने मोठा म्हणून. किल्ली माझ्या फेरनच्या आतल्या खिशात असते, कांगडीने कायम गरम.

चिल्लेकलानच्या बाराव्या सकाळी मी सुलाच्या भट्टीपाशी उभा होतो. सवयीने पलीकडे बघितलं. धुराड्यातून धूर निघत होता. बारीक, निळसर, वर चढवलेल्या दोऱ्यासारखा सरळ.

"सुला," मी म्हटलं, "कारखान्यात कोण आहे रे?"

"तुमचा बाप," सुला भट्टीतून मान न काढता म्हणाला.

"धूर बघ."

त्याने बघितलं. मग रांगेतल्या लोकांकडे बघून डोळा मारला. "बघा रे, काकांचं सुरू झालं! गेल्या वर्षी म्हणाले तळ्यात मगर आली. त्याच्या आदल्या वर्षी माझी बायको हरवली म्हणून मला दुकान सोडून पळवलं, आणि ती घरात भाजी निवडत होती. काका, ते धुकं आहे. डोळे दाखवा कोणाला तरी."

सगळे हसले. मीही हसलो. हसण्यात मी मागे राहत नाही. पण धुकं असं एकाच धुराड्यातून निघताना मी तरी बघितलेलं नाही.

२

घरी वरच्या मजल्यावर माझा छोटा माग आहे. खिडकीच्या फटींना सुनेने, शमीमाने, कागद चिकटवलेत. मुलगा शाली विकायला खाली मैदानी मुलखात फिरतोय, वसंतात येईल. घरात आम्ही दोघं. ती खाली चुलीपाशी, मी वर.

घरी काम करण्यातली खरी अडचण थंडीची नाही. अडचण अशी, की हाक मारायला कोणी नसतं. छोटा गालिचा मी एकटाच बांधतो, स्वतःच वाचायचं आणि स्वतःच गाठ मारायची. एकटा जेवणारा माणूस स्वतःला 'अजून घ्या' म्हणतो का? तसंच ते.

त्या दिवशी मला कंटाळा आला. कारखान्यातल्या मोठ्या गालिच्याची तालीम उंदरांनी खाऊ नये म्हणून मी घरी आणून ठेवली होती. ती काढली. आम्ही दोघांनी तो गालिचा सुरू केला होता, आणि खालिक गेल्यापासून तो तसाच मागावर होता. त्या जागी बसायला कोणी तयार नव्हतं आणि मी कोणाला बसवलंही नसतं. जिथे काम थांबलं होतं तिथून मी वाचायला लागलो. उगाच. गळा मोकळा करायला.

"डाळिंबी चार. काळा एक. बदामी दोन."

आणि थांबलो. एक्केचाळीस वर्षांची सवय, जीभ आपोआप थांबते. उत्तराएवढी जागा सोडते. मग पुढची खूण. पुन्हा जागा. अशा दोन ओळी वाचून झाल्या. दुसरी ओळ संपता संपता त्या सोडलेल्या जागेत काहीतरी आलं.

शब्द नव्हता. शिंक होती. मग दुसरी.

मी कागद धरून बसलो. खाली शमीमा भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. छपरावरून बर्फाचा एक गठ्ठा घसरून अंगणात पडला. मी स्वतःला म्हटलं, समदा, शमीमाला सर्दी झालीय. मग मी पुढचा रंग वाचायला तोंड उघडलं.

तेव्हा तिसरी आली.

मी जिन्यावरून ओरडलो, "शमीमा! शिंकलीस का?"

"नाही बाबा. का? चहा हवाय का?"

"हवाय."

"मग चहा हवाय असं म्हणा ना. शिंकेचं निमित्त कशाला?"

ती खारट नून चाय घेऊन वर आली तेव्हा मी खिडकीवरचा कागद फाडून पलीकडे बघत होतो. "अहो, आत्ताच चिकटवला होता!" ती ओरडली. मी तिला धुराडं दाखवलं. तिने डोळे बारीक केले.

"मला बर्फ दिसतोय," ती म्हणाली. मग पेला पुढे करत, "बाबा, तुम्ही मला घाबरवायला बघताय. घाबरले. झालं? आता चहा प्या."

आयुष्यभर थट्टा करणाऱ्या माणसाची हीच तर शिक्षा. त्याला खरोखर काही दिसलं, तर ते बघायला तो एकटाच उरतो.

३

मी नीट विचार केला. तसा मी मूर्ख नाही, दिसतो फक्त. कोणीतरी माझी गंमत करतंय. दुसरी किल्ली करून घेतली असेल. पण कोण? सुलाला भट्टी सोडून लघवीला जायला वेळ नाही. मीर साहेब जिना चढले की अर्धा तास बोलत नाहीत. मोहल्ल्यातली एकेक आकृती डोळ्यांसमोरून नेली आणि शेवटी लक्षात आलं, की असली गंमत करू शकणारा इथे एकच माणूस आहे, आणि तो मी आहे. दुसरा होता, तो माझ्याबरोबर राहून शिकला होता.

दोन दिवसांनी ऊन पडलं तसा मी बांधावरून निघालो. शमीमाला सांगितलं, लोकर बघायला जातोय. बर्फ गुडघाभर होता. दीड तासाचे अडीच झाले.

कारखान्याच्या दारापुढचा बर्फ कोणी तुडवलेला नव्हता. पक्ष्याचंसुद्धा पाऊल नव्हतं. कुलूप गोठलेलं, कांगडी खाली धरून ते वितळवावं लागलं, तेव्हा किल्ली फिरली. आत गारठा असा, की दात वाजायचेही विसरले. बुखारीला हात लावला. थंडगार. आत राख होती, पण ती गेल्या वर्षीचीही असू शकते. राखेला काय तारीख असते?

मला हायसं वाटलं. आणि त्याच वेळी, खरं सांगतो, वाईट वाटलं. आपण कोणाच्या घरी उत्साहाने जावं आणि दाराला कुलूप असावं, तसं.

मग मी मोठ्या मागाकडे बघितलं. काम थांबलं होतं तिथे खूण म्हणून मी पांढरा दोरा बांधला होता. त्या दोऱ्याच्या वर दोन ओळी होत्या. नव्या. मी बोट फिरवून खुणा जुळवल्या. डाळिंबी चार. काळा एक. बदामी दोन. सगळं बरोबर. गाठी घट्ट, डावीकडे जरा ओढलेल्या, लोखंडी पंजाने, मागावरच्या फणीने, ठोकून बसवलेल्या. आणि तालीम माझ्या घरी, गादीखाली.

खालिकच्या बाजूची बसायची फळी ओली होती. पाणी साचलं होतं तिच्यावर, आणि ते गोठलं नव्हतं. बुखारीमागच्या खिळ्यावर एक फडकं लटकत होतं. निळ्या चौकटींचं. वाळत घातल्यासारखं पसरून टाकलेलं, पण ओलंच. मला वाटलं, कोणीतरी लादी पुसून टाकलं असेल. त्याला हात लावला नाही. कुलूप लावलं आणि बांधावरून परत आलो. येताना तळ्याकडे बघितलं नाही.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मी कोणालाही सांगितलेली नाही. ना शमीमाला, ना मौलवी साहेबांना, ना खालिकच्या बायकोला, अझीला.

खालिक गेला तो शुक्रवार होता. शुक्रवारी कारखाना बंद असतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला होता, "उद्या मी कांगडी पोटाशी धरून दुपारपर्यंत लोळणार, साक्षात मीर साहेब आले तरी उठणार नाही." मी म्हटलं, बरं. आणि पहाटेच बांधावरून कारखान्यात जाऊन, तेव्हा तिथे कुलूप नसायचं, बुखारी पेटवली. धूर बघून हा उठेल, शिव्या घालेल, वार विसरलो की काय म्हणून गोंधळेल, धावत येईल, आणि मी बुखारीमागे लपलेला असेन. तो दार उघडून 'कोण आहे?' म्हणाला की मी बाहेर उडी मारणार. हसून हसून माझा मीच गुदमरत होतो, तोंडात फेरनची बाही कोंबून.

तो आला नाही. मी दुपारपर्यंत वाट बघितली. मग मला वाटलं, त्याला कळलं, आणि आता तोच मला ताटकळत ठेवून माझी गंमत करतोय. चिडून, बुखारी विझवून, बांधावरून घरी आलो. घरी आलो तेव्हा लोक तळ्याच्या काठावर जमलेले होते.

धूर खोटं बोलत नाही. मी त्याला बोलायला लावलं.

४

त्यानंतर रोज सकाळी धूर दिसायचा. बारीक, निळसर, सरळ. वारा असला तरी सरळ.

आणि रोज सकाळी मी भट्टीपाशी उभा राहायचो. जायचं, की घरी बसायचं? पाय म्हणायचे घरी. बाकीचं काय म्हणायचं, ते बोलता येत नाही. मग मी घरी जायचो, वर जाऊन दाराला कडी घालायचो आणि मोठी तालीम काढून वाचायचो. दोन ओळी. कधी तीन.

आता शब्दही यायला लागला होता. पहिल्यांदा फार लांबून, जसं तळ्यावरून येताना आवाज पातळ होतो तसा. "बांधलं." मग खिडकीच्या बाहेरून. मग एके दिवशी खोलीतून, माझ्या उजव्या हाताला, जिथे तो बसायचा. मी मान वळवली नाही. उजव्या गालाला गारवा लागत होता, उघड्या दारापाशी बसल्यासारखा. पाण्याचा वास येत होता, शेवाळी. आणि त्या वासाच्या आत तपकिरीचा.

भीती वाटत होती का? वाटत होती. पण जे वाटत होतं त्यात भीती लहान होती. मी मधेच एक चुकीचा रंग वाचून बघितला. पूर्वी मी मुद्दाम तसं करायचो, आणि खालिक गाठ न मारता म्हणायचा, "कोल्ह्या, पुन्हा बघ."

"हिरवा पाच," मी म्हटलं. त्या गालिच्यात हिरवा कुठेच नव्हता.

खाली शमीमा कोणाशी तरी बोलत होती.

"कोल्ह्या," उजवीकडून आलं. "पुन्हा बघ."

मी रडलो. मोठ्याने. शमीमा धावत आली, दार ठोठावलं. "बाबा! कडी काढा! काय होतंय?"

"बोट कापलं," मी म्हटलं.

कडी काढली तेव्हा तिने माझी दहाही बोटं तपासली. मग फळीवर माझ्या उजव्या बाजूला साचलेलं पाणी फडक्याने पुसलं, छपराकडे बघितलं आणि म्हणाली, "इथेही गळायला लागलं वाटतं." छप्पर कोरडं होतं. तिलाही दिसत होतं की ते कोरडं आहे.

५

सदतिसाव्या दिवशी मी अझीकडे गेलो. वर्षभर गेलो नव्हतो. रस्त्यात दिसली तर गल्ली बदलायचो, आणि लोकांना वाटायचं, मित्राच्या विधवेला बघवत नसेल बिचाऱ्याला. बिचारा!

तिने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या कोल्हेसाहेब. एका वर्षाने वाट सापडली?"

"बर्फ होता अझी."

"हो, वर्षभर होता. चैत्रातसुद्धा तुझ्या दारात बर्फ होता. बस. कांगडीत निखारे घालू का?"

तिने निखारे घातले. सुकवलेल्या सलगमाची भाजी शिजत होती. खालिकचं दुसरं फेरन अजून खुंटीवर होतं. मी बसलो, आणि जे सांगायचं ते एका दमात सांगितलं. थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. शुक्रवार, बुखारी, धूर, बुखारीमागे लपणं, तोंडात कोंबलेली बाही. सगळं. मान खाली घालून बसलो. मला वाटलं, आता निखारे माझ्या अंगावर ओतेल. ओतले असते तर बरंच झालं असतं.

"झालं सांगून?" ती म्हणाली.

"झालं."

"हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

मी वर बघितलं.

"त्यालाही माहीत होतं," अझी म्हणाली. "खिडकीतून बघितलं त्याने आणि म्हणाला, 'हा समदाचा धूर. बघ कसा काळा आणि जाड. कोल्हा कधी लाकूड वाळवत नाही, ओल्या सफेद्याचंच कोंबतो. आज शुक्रवार. मला फसवायला बसलाय तिथे.' मी म्हटलं, मग बसू दे त्याला, तू लोळ. तर उठून फेरन घालायला लागला."

"माहीत असून?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, 'अगं, पहाटेपासून एकटाच बसला असेल तो. उपाशी. मी गेलो नाही तर त्या गमतीचं काय होईल?' सुलाकडून दोन गिरदे घेतले. माझ्या निळ्या चौकटीच्या फडक्यात बांधून पोटाशी धरले. बांधावरून गेलं तर गार होतील म्हणाला. ते फडकं मात्र सापडलं नाही. माझ्या आईचं होतं."

भाजी करपायला लागली होती. तिने उठून ती उतरवली.

"अझी, त्याचा धूर कसा असायचा? त्याने पेटवल्यावर?"

"त्याचा?" ती म्हणाली. "वाळलेली तुती लावायचा. कसा असणार? बारीक. निळा."

६

चाळिसावी सकाळ. तसा बर्फ त्या हिवाळ्यात पडला नव्हता. बांध दिसतच नव्हता, कुठे संपतो आणि तळं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. बांधाचा रस्ता बंद. टॉवर झोपलेला.

शमीमाने दाराला पाठ लावली होती. "आज नाही बाबा. आज भट्टीवर पण नाही. मी रोटी आणते. तुम्ही वर बसून काम करा. हवं तर मी बाजूला बसते, मी म्हणते 'बांधलं.' मला येतं की."

गरीब पोर. ती मला बसवायला बघत होती, आणि तिला ठाऊक नव्हतं की ती जागा रिकामी नाही.

"बरं," मी म्हटलं. "पण गिरदे मीच आणतो. तू कायम जळके आणतेस."

"सुला जळकेच देतो!"

"म्हणून तर."

हसली, आणि दारातून बाजूला झाली. हसवलं की माणसं बाजूला होतात. आयुष्यभर मी याच्यावरच जगलो.

सुलाकडून दोन गिरदे घेतले, पोटाशी धरले. "आज काय, मगर का?" त्याने विचारलं. "आज काही नाही," मी म्हटलं. तेव्हा मात्र त्याने चिमटा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

काठावर आलो. पलीकडे धूर होता. बारीक, निळा. आणि तळ्यावरच्या ताज्या बर्फात पावलं होती. पलीकडून आलेली, आमच्या काठापासून वीस पावलांवर थांबलेली. परत गेलेली नव्हती. डावं पाऊल बाहेर वळलेलं. खालिक तसाच चालायचा, बदकासारखा, मी त्याची नक्कलही करायचो.

जायचं की घरी बसायचं? इतके दिवस विचार केला होता. त्या सकाळी विचार करायला काही उरलंच नव्हतं. त्याला माहीत असून तो आला होता. मलाही माहीत होतं.

पहिली वीस पावलं माझी मी टाकली. खाली बर्फ कुरकुरला, एकदा लांबवर काहीतरी तडकत गेलं आणि थांबलं. मग त्याच्या पावलांत पाय टाकत निघालो, त्याच्या टाचेत माझा चवडा. त्या पावलांखाली बर्फ एकदाही कुरकुरला नाही. एका जागी पावलं गोल वळसा घालून गेली होती, वाटेत कोणी बसलेलं असावं तशी. मीही तिथे वळसा घातला. वळशाच्या आत बघितलं नाही.

कुलूप आज गोठलेलं नव्हतं. किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. आणि आत ऊब होती. बुखारी लाल झाली होती, वाळलेली तुती तडतडत होती. मोठ्या गालिच्यावर मी इतक्या दिवसांत घरी बसून वाचलेल्या सगळ्या ओळी चढलेल्या होत्या, शेवटच्या गाठीपर्यंत. खिळ्यावरचं निळ्या चौकटींचं फडकं वाळलेलं होतं. खालिकची फळी रिकामी होती.

बुखारीमागे, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या अंधाऱ्या जागेत, फेरनचा काठ दिसत होता. फक्त काठ. त्यातून थेंब पडत होते, आणि तापलेल्या पत्र्याजवळ पडूनही त्यांची वाफ होत नव्हती. कोणीतरी श्वास कोंडून उभं होतं. तोंडात बाही कोंबून.

मी तिकडे बघितलं नसल्यासारखं केलं. लपलेल्याला शोधायचं नसतं. त्याने स्वतः उडी मारायची, तोपर्यंत आपण काहीच माहीत नसल्यासारखं बसायचं. एवढी गंमत मला कळते. बुखारीकडे पाठ करून मी माझ्या जागी बसलो. गिरदे अजून गरम होते. एक माझ्या पुढ्यात ठेवला, एक त्याच्या फळीवर. खिशातून तालीम काढली.

"डाळिंबी दोन," मी वाचलं. "बदामी एक."

मागे एक शिंक दाबली गेली. मग दुसरी.

पलीकडच्या काठावरून हाक आली. तळ्यावरून येताना पातळ झालेली. "बाबा! बाबा, घरी या! इथेच काम करा! बाबा!" शमीमाच्या आवाजात मग आणखी आवाज मिसळले. सुलाचा होता. अझीचाही असावा.

थेंबांचा आवाज बुखारीमागून निघाला होता. एक पाऊल पुढे आला. थांबला. आणखी एक.

गेल्या वर्षी मी दुपारपर्यंत वाट बघितली होती, आणि कंटाळून उठून गेलो होतो.

दुपार झाली. मी उठलो नाही.